बायकोला घेऊन बँकॉकला गेलो, आणि ती प्रवासात पाणी प्यायली

पोस्ट मोठी आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी आधीच्या फोटोंना लाईक करून पुढे जावं, राग नाही.

जानेवारीअखेर आम्ही दोघं अकरा दिवस बाहेर होतो. बँकॉक, क्वालालंपूर, मलाक्का आणि शेवटी सिंगापूर. निघण्याआधी टपरीवर, कोर्टाच्या आवारात, पत्रकार मित्रांमध्ये एकच प्रश्न, तोही डोळा बारीक करून: "बायकोला घेऊन बँकॉकला? म्हणजे घरचा डबा घेऊन हॉटेलात!" हा विनोद मी किमान नऊ जणांकडून ऐकला. ऐकवणाऱ्यांत दोन माजी पदाधिकारी होते. त्यांना बँकॉकची एवढी माहिती कशी, ते मी विचारलं नाही.

दुसरा प्रश्न, पैसे कुठून आले. हिशेब देतो, कारण पत्रकाराने पाकीट घेतलं म्हणायला आपल्याकडे वेळ लागत नाही. दोघांचे मिळून एक लाख सेहेचाळीस हजार, विमानासकट. ऐंशी हजारांची भिशी बायकोला लागली, बाकीचे दीड वर्ष साठवले. टूर कंपनी नाही. थायलंड आणि मलेशियाने २०२३ च्या अखेरीपासून आपल्याला व्हिसा माफ केला होता, सिंगापूरचा तेवढा काढावा लागला. बँकॉकहून क्वालालंपूरला स्वस्तातलं विमान, तिथून पुढे मलाक्का आणि सिंगापूर बसने. प्रत्येकी सात किलोची बॅग. फिरणं मेट्रो, बोट, बस आणि पायी. टॅक्सी अकरा दिवसांत दोनदा केली, त्यातली एक पावसामुळे.

आता मुद्द्याचं. आठव्या दिवशी मी क्वालालंपूरच्या बसस्टँडवरून एक फोटो टाकला होता. महिलांच्या स्वच्छतागृहाच्या दाराचा, बाहेरूनच. त्याखाली ६४ कमेंट आल्या. "लोक टॉवर बघायला जातात, आमचे पत्रकार संडास बघायला." "एवढं आवडलं तर तिकडेच राहा." हे ठीक, चालायचंच. पण दोन कमेंट पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या नावांनी आल्या. एक, "साहेब, आपली माणसंच घाण, नगरपालिका काय करणार?" आणि दुसरी, "तिथे दंड लावतात, आपल्याला काठीच पाहिजे." या दोन्हींना उत्तर द्यायचं म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी तो फोटो का टाकला ते सांगतो. बायकोला विचारलं, हे लिहू का? म्हणाली, "लिहा. माझं नाव घालू नका. आणि माझं एकटीचं म्हणून लिहू नका."

बँकॉकमधला तिसरा दिवस. सकाळी मेट्रोने सनाम चाय स्टेशनला उतरलो, तिथून वाट फो हे देऊळ चालत पाच मिनिटांवर. आत ४६ मीटर लांबीचा, कुशीवर पहुडलेला सोनेरी बुद्ध आहे. नुसती पावलं बघायला माणूस दहा मिनिटं उभा राहतो. तिकीट माणशी ३०० बाट, म्हणजे आपले आठशेच्या आसपास, तेव्हा दोघांचे बघून जरा पोटात गोळा आला. बाहेर आलो, उन्हाचा कडाका. नदीपलीकडे वाट अरुणला जायचं होतं. बायको समोरच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये गेली, एक लिटरची बाटली घेऊन आली आणि धक्क्यावरच्या बाकावर बसून तिने अर्धी बाटली एका दमात संपवली.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अगं, बेताने. अख्खा दिवस जायचाय."

ती हसली. म्हणाली, "अहो, आहे की इथं. देवळात आहे, मेट्रोत आहे, काल त्या मॉलमध्ये होतं. सकाळपासून तीनदा जाऊन आले. तुम्हाला कळलं पण नाही."

मला खरंच कळलं नव्हतं. आणि मग हेही लक्षात आलं की एकोणीस वर्षांच्या संसारात मी तिला प्रवासात पाणी पिताना पाहिलेलं नाही. लग्नाला जाताना, देवदर्शनाला जाताना, तिच्या ट्रेनिंगला जाताना, आदल्या रात्रीपासून पाणी कमी. सकाळी चहा नाही. गाडीत घोटभर, तोही तोंड कोरडं पडलं तर. दोन वर्षांपूर्वी लघवीच्या जंतुसंसर्गाने ती पाच दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता? तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी औषधांची चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेलो. तेव्हाही मला प्रश्न पडला नाही. "बेताने" हा शब्द तिचा नाही, माझा आहे. तिच्या आईने तिला शिकवलं, नवऱ्याने पक्कं करून घेतलं.

वीस वर्षं मी या गावात बातमीदारी करतोय. पाण्याची टाकी, रस्त्याचे खड्डे, गाळ्यांचा लिलाव, सगळ्यांवर कॉलमच्या कॉलम लिहिले. बसस्टँडच्या स्वच्छतागृहावर एकदाच लिहिलं, तेही ठेकेदाराचं बिल दोनदा निघालं म्हणून. आत कोण जातं, कोण जात नाही, हे त्या बातमीत नव्हतं. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आमचे सर म्हणायचे, बातमी म्हणजे काय घडलं ते. बायका पाणी पीत नाहीत, ही न घडण्याची गोष्ट आहे. ती कुठल्या पानावर घ्यायची ते कोणी शिकवलं नाही.

बँकॉक म्हणजे स्वर्ग, असं कोणी समजू नये. फुटपाथ जागोजागी उखडलेले, डोक्यावर वायरींची जंगलं, जानेवारीत हवा इतकी खराब की घसा बसला. पावसाळ्यात पाणी तुंबतं. स्कायट्रेनच्या कित्येक स्टेशनांवर संडासाचा बोर्ड दिसत नाही, कर्मचाऱ्याला विचारावं लागतं. म्हणजे हे शहर आपल्यासारखंच आहे, गर्दीचं, उकाड्याचं, जुगाडाचं. रस्त्यावर बसून खाणारं, देवळात जाणारं. संडासात धुवायला पाण्याची नळी आहे, कागद नाही, हेही आपल्यासारखंच. लोकसंख्येचं कारण सांगणाऱ्यांनी त्या शहरात एक संध्याकाळ काढावी. नोंदलेलीच लोकसंख्या पन्नास लाखांच्या वर आहे, न नोंदलेले आणि आमच्यासारखे फिरस्ते वेगळेच. आपलं गाव साठ-पासष्ट हजारांचं.

आणि एक गोष्ट फारच ओळखीची वाटली. बँकॉकच्या गव्हर्नरला, म्हणजे आपल्या भाषेत महापौराला, लष्करी सरकारने २०१६ साली बाजूला केलं आणि आपला माणूस नेमला. २०१३ नंतर निवडणूक झाली ती थेट २२ मे २०२२ ला. चॅडचार्ट सिट्टिपुंट नावाचा माणूस अपक्ष उभा राहिला आणि पावणेचौदा लाखांहून जास्त मतं घेऊन निवडून आला. प्रशासक म्हणजे काय असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्याही बहुतेक नगरपालिकांवर जवळजवळ चार वर्षं प्रशासक होते, मतदान झालं ते डिसेंबर २०२५ मध्ये.

निवडून आल्यावर त्या माणसाने केलं काय? बाकीचं सोडा, एकच सांगतो. ट्रॅफी फोंड्यू नावाची तक्रारीची व्यवस्था तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने आधीच बनवलेली होती, ती त्याने अख्ख्या महापालिकेला वापरायला लावली. खड्डा, तुंबलेलं गटार, बंद दिवा, काहीही असो, फोटो काढायचा, जागा टाकायची, पाठवायचा. तक्रार कुठल्या खात्याकडे गेली, काम झालं की नाही, ते सगळ्यांना दिसतं. सगळ्यांना, हा शब्द महत्त्वाचा.

आपल्याकडेही तक्रारींचा ग्रुप आहे. मी त्यात आहे. "फक्त ॲडमिन मेसेज करू शकतात" अशी सेटिंग आहे. मागच्या महिन्यात त्यावर तीन वाढदिवस आणि एक फीत कापण्याचा फोटो आला.

कोणी म्हणेल, म्हणजे निवडणूक झाली की सगळं सुधारतं का? नाही. क्वालालंपूरमध्ये महापौर निवडूनच येत नाही, सरकार नेमतं. मलेशियात स्थानिक निवडणुका १९६५ मध्ये थांबवल्या त्या आजतागायत झालेल्या नाहीत. हे काही चांगलं नाही, तिथलेही लोक त्यावर भांडतात. पण ज्या बसस्टँडच्या फोटोवरून तुम्ही मला धुतलंत तो त्याच शहरात उभा आहे.

त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बसस्टँड हा आपल्या सगळ्यांचा विषय. टर्मिनल बर्सेपादू सेलातान, लोक टीबीएस म्हणतात. २०११ मध्ये सुरू झालं. त्याआधी दक्षिणेकडच्या गाड्या शहराच्या मध्यावरच्या पुडुराया नावाच्या जुन्या स्टँडवरून सुटायच्या. तिथे धूर, गोंगाट, गाडीत ओढणारे दलाल. म्हणजे कसा स्टँड असेल ते आपण डोळे मिटून सांगू शकतो. नव्या ठिकाणी सगळ्या कंपन्यांची तिकिटं एकाच रांगेतल्या खिडक्यांवर. तिकिटावर वेळ आणि गेट नंबर. वर विमानतळासारखे मोठे बोर्ड, त्यावर गाडी कुठे, किती वाजता. बसायला खुर्च्या. लोकल रेल्वेचं स्टेशन शेजारीच, पुलावरून चालत जायचं. आणि स्वच्छतागृहाच्या पाट्या अशा की शोधावं लागत नाही, विचारावं लागत नाही. आत एक बाई सतत फरशी पुसत होती, असं बायकोने सांगितलं. मलेशियात काही ठिकाणी आत जायला वीस-तीस सेन घेतात. आपले पाच-सहा रुपये. तक्रार नाही.

मलाक्क्याची गाडी दोन तासांची. बायकोने गाडीत बसण्याआधी चहा घेतला. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. घरातल्या बाईला विचारून बघा.

मलाक्का छोटंसं आहे, एक दिवस पुरतो. पोर्तुगिजांच्या किल्ल्याचं एक दार तेवढं उरलंय. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का, त्यामुळे दार बघताना ओळखीचं कोणी भेटल्यासारखं झालं. असो.

सिंगापूरवर येतो, कारण दंडवाल्यांचा तो आवडता देश. दंड आहे, खरं आहे. सार्वजनिक संडासात फ्लश केलं नाही तर दंड, हा नियम १९८९ चा. पण दंड लावायच्या आधी संडास बांधावा लागतो, त्याला पाणी सोडावं लागतं. आपल्याकडे भिंतीवर देवांच्या टाइल्स बसवून "इथे करू नका" एवढंच सांगितलं जातं. कुठे करायची, ते गावात एकाही भिंतीवर लिहिलेलं नाही.

आणि "त्यांची माणसंच वेगळी" म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. जागतिक शौचालय संघटना नावाची एक संस्था आहे. ती जॅक सिम या व्यावसायिकाने २००१ मध्ये सुरू केली, कुठे? सिंगापुरात. आपल्या शहरातले संडास घाण आहेत याची लाज वाटून हा माणूस या कामात पडला. पुढे सिंगापूरने संयुक्त राष्ट्रांत ठराव मांडला आणि २०१३ पासून १९ नोव्हेंबर हा अधिकृत जागतिक शौचालय दिन झाला. बरं, एवढं करूनही चहा-कॉफीच्या साध्या दुकानांमधले संडास घाण राहतात म्हणून तिथल्या सरकारने २०२४ मध्ये पुन्हा एक कार्यगट नेमला. म्हणजे त्यांची माणसंही घाण करतातच. फरक एवढाच की तिथे घाण झाली की खात्याला विचारतात, आपल्याकडे घाण झाली की जातीला आणि संस्कारांना विचारतात.

हातगाड्यांचंही तेच. आम्ही सिंगापुरात दोन्ही दिवस हॉकर सेंटरमध्ये जेवलो, लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरला डोसा आणि दुसऱ्या ठिकाणी भात-भाजी. महागड्या शहरात स्वस्तात पोट भरायची हीच जागा. हे गाडेवाले पूर्वी रस्त्यावरच होते. गटारात खरकटं, नळ नाही, उंदीर. १९६८-६९ मध्ये सरकारने त्यांची नोंदणी केली, अठरा हजारांच्या आसपास परवाने दिले, आणि मग १९७१ ते १९८६ अशी पंधरा वर्षं घेऊन त्यांना छपराखाली आणलं. नळ, गटार, वीज, संडास आधी, मग स्थलांतर. सगळे खुशीने गेले असं नाही, पण जायला जागा होती. २०२० मध्ये याच हॉकर संस्कृतीला युनेस्कोच्या यादीत मान मिळाला.

आपल्या मंडईबाहेरच्या गाड्या गेल्या तीन वर्षांत दोनदा जेसीबीने उचलल्या. दोन्ही वेळा मी "अतिक्रमणावर हातोडा" अशी बातमी दिली, तीही जोरात. गाडे आठ दिवसांत परत आले, कारण माणसाला खायला लागतं आणि गाडेवाल्याला विकायला. त्यांच्या शेजारी भाजी घेऊन ज्या बायका बसतात त्या पहाटे पाचच्या गाडीने येतात आणि संध्याकाळच्या गाडीने जातात. परवा मुद्दाम जाऊन चौघींना विचारलं. म्हणजे मी बाजूला उभा राहिलो, बायकोने विचारलं. मला त्या सांगणार नव्हत्या. एक म्हणाली, पलीकडच्या बँकेतली शिपाई बाई ओळखीची आहे, ती कधी कधी जाऊ देते. दुसरी म्हणाली, मी दिवसभर पाणीच घेत नाही. तिसरी नुसती हसली. बाजार कर चौघींकडूनही रोज घेतला जातो, पावती फाडून.

बसस्टँडवर पुरुषांना मुतारी फुकट आहे. बायकांना मुतारीच नाही, म्हणून संडासाचे पैसे, आणि संध्याकाळी सातनंतर त्यालाही कुलूप. मुंबईत २०११ पासून "राइट टू पी" म्हणून बायकांनी चळवळ चालवली, मुद्दा नेमका हाच होता. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये महापालिकांना आदेश दिले. महापालिका म्हणजे मोठी शहरं. आपण नगरपालिकावाले, आपल्याकडच्या बायकांना जणू वेगळं शरीर आहे.

पैसे नाहीत, हे उत्तर मला माहीत आहे. थायलंड आणि मलेशिया आपल्यापेक्षा श्रीमंत आहेत, सिंगापूरचं तर विचारूच नका. मान्य. मी मेट्रो मागत नाहीये. टीबीएससारखा स्टँडही मागत नाहीये. बाजारात चार आणि स्टँडवर चार, आत पाणी, दाराला आतून कडी, दिवा, आणि रात्री दहापर्यंत पगारावर एक बाई. गावात शिरताना स्वागत कमान आहे. तलावावर "आय लव्ह" वाली लाल अक्षरं आहेत, तीही दिव्यांसकट. त्याला पैसे होते.

नवीन नगरसेवक निवडून आलेत, त्यांचं अभिनंदन. निम्म्या जागांवर महिला आहेत. अभ्यास दौऱ्याचं कुठेतरी चाललंय असं कानावर आलंय, केरळ की सिंगापूर एवढंच ठरायचंय म्हणे. दौरा काढू नका असं मी म्हणत नाही. पण सिंगापूरला गेलात तर त्या मोठ्या बागेतले लोखंडी वृक्ष बघून झाल्यावर टेक्का सेंटरच्या मागच्या बाजूला जाऊन नळ आणि गटार बघा. आणि त्याआधी एक अभ्यास दौरा इथेच करा, खर्च शून्य. नगरसेविकांनी मंगळवारी बाजाराच्या दिवशी सकाळी पाच ते संध्याकाळी सहा भाजीवाल्या बायकांशेजारी बसायचं. गाडी घरी ठेवून. सोबत एक लिटर पाणी, तेवढं संपवायचं.

काल नगरपालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज दिला, आवक-जावकमधून पोच घेतली. चार प्रश्न आहेत. गावात महिलांसाठी चालू स्थितीतली स्वच्छतागृहं किती आणि कुठे. गेल्या पाच वर्षांत त्यांच्या बांधकाम-दुरुस्तीवर किती खर्च झाला, ठेकेदारनिहाय. याच काळात स्वागत कमान आणि तलावावरच्या अक्षरांवर किती. आणि बाजार कर म्हणून मंडईबाहेरच्या विक्रेत्यांकडून वर्षाला किती गोळा होतो.

मुदत तीस दिवसांची आहे. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. अर्जदार म्हणून सही माझी नाही, बायकोची आहे.